खुजेपणा बियाण्यात नसतो : स्प्रूसच्या बोन्सायविषयी

बोन्साय म्हटले की आपल्याकडे दोन प्रकारची माणसे भेटतात. काहींना ते श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील खूळ वाटते. काहींना मात्र ते पाहून मनापासून वाईट वाटते. आकाशाकडे झेपावणाऱ्या झाडाला वीतभर कुंडीत बसवायचे, त्याची मुळे कापायची, फांद्यांना तारा गुंडाळायच्या, हा झाडावर अन्याय नव्हे काय, असा त्यांचा सवाल असतो.

हा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंतु त्याचे उत्तर द्यायचे तर आधी हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते समजून घेतले पाहिजे. ऐकीव गोष्टीवरून मत बनवणे बरे नव्हे. म्हणून प्रस्तुत लेखात आपण एकच झाड घेऊ, स्प्रूसचे कोवळे रोप. त्याला आकार कसा देतात, त्याची कुंडी कशी बदलतात, ते पाहू आणि मग त्या सवालाकडे परत येऊ.

स्प्रूस म्हणजे कोणते झाड?

स्प्रूस हा थंड प्रदेशातील सूचिपर्णी वृक्ष आहे. सूचिपर्णी म्हणजे सुईसारखी पाने असलेला. युरोप, सायबेरिया, कॅनडा आणि उत्तर जपानमध्ये त्याची मोठमोठी जंगले आहेत. आपल्या देशात तो हिमालयात आढळतो. हिमाचल प्रदेशात त्याला राई म्हणतात. युरोपातील स्प्रूस जंगलात ५० मीटरपर्यंत उंच जातो.

त्याची ओळख सोपी आहे. बहुतेक जातींची सुई चौकोनी असते, त्यामुळे ती अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून फिरवली तर फिरते. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या फर वृक्षाची सुई चपटी असते, ती फिरत नाही. स्प्रूसचे शंकू फांदीवरून खाली लोंबतात, तर फरचे शंकू फांदीवर उभे राहतात. आणखी एक खूण म्हणजे स्प्रूसची सुई गळून पडली की फांदीवर बारीकसा खुंट राहतो. त्यामुळे जुनी डहाळी हाताला खरखरीत लागते.

बोन्सायचे गाव

'बोन' म्हणजे उथळ भांडे आणि 'साय' म्हणजे लावणे. ताटलीत लहान देखावा उभा करण्याची कला मूळची चीनमधील. चीन आणि जपान यांच्यामध्ये ये-जा करणारे बौद्ध भिक्खू आणि राजदूत यांच्याबरोबर ती जपानला गेली, असे मानले जाते. इ. स. १३०९ मधील एका जपानी चित्रमालेत अशी भांड्यातील झाडे काढलेली आहेत. म्हणजे सातशे वर्षांहून जुनी ही गोष्ट आहे.

१ सप्टेंबर १९२३ रोजी जपानमध्ये मोठा भूकंप झाला आणि टोकियो शहर उद्ध्वस्त झाले. तेथे बोन्सायचा व्यवसाय करणारी काही कुटुंबे स्वच्छ हवा, पाणी आणि मोकळ्या जागेच्या शोधात बाहेर पडली. १९२५ साली त्यांनी ओमिया येथे वस्ती केली. आज हा भाग साइतामा शहरात मोडतो. या वस्तीने स्वतःसाठी नियम केले होते. येथे राहणाऱ्याकडे किमान दहा बोन्साय असावेत, घराचे फाटक लोकांसाठी उघडे ठेवावे, दुमजली घर बांधू नये आणि कुंपण झाडाझुडपांचे असावे. एका माडीची सावली शेजाऱ्याच्या झाडांवर पडू नये, एवढा विचार त्यामागे होता. २०१० साली तेथे बोन्सायचे सार्वजनिक संग्रहालयही उघडले.

याच ओमियामध्ये साबुरो कातो (१९१५-२००८) हे बोन्सायकार होऊन गेले. स्प्रूस हे त्यांचे आवडते झाड. जपानी लोक त्याला 'एझोमात्सु' म्हणतात. 'एझो' हे उत्तरेकडील होक्काइडो बेटाचे जुने नाव. 'मात्सु' म्हणजे पाइन. झाड पाइन नसले तरी नाव तसेच रूढ झाले. कातो यांच्या वडिलांच्या काळी होक्काइडोपलीकडच्या कुनाशिरी बेटावरून अशी झाडे ओमियात येत असत. तेथील दलदलीत आणि बोचऱ्या वाऱ्यात स्प्रूस मुळातच ठेंगणा राहत असे. १९४५ मध्ये ते बेट सोव्हिएत संघाच्या ताब्यात गेले आणि तो मार्ग बंद झाला. कातो यांनी एकाच पसरट भांड्यात पुष्कळ स्प्रूस लावून अख्खे जंगल उभे करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९८९ मध्ये ओमियाला जगभरच्या बोन्सायप्रेमींचा मेळावा भरला, तेव्हा त्याच्या आयोजनात त्यांचा पुढाकार होता.

आधी पाहणे, मग कात्री

आता कामाकडे वळू. रोपवाटिकेतील चार-पाच वर्षांचे स्प्रूसचे रोप साधारण हातभर उंचीचे, खालपासून वरपर्यंत गच्च भरलेले असते. त्याचे खोडही दिसत नाही. नवशिक्या माणसाचा हात लगेच कात्रीकडे जातो. तेथेच बहुतेक रोपे बिघडतात.

पहिले काम म्हणजे कुंडीतील वरची माती बोटाने हळूहळू बाजूला करणे. खोड जेथे रुंदावते आणि मुळे चारी बाजूंना फाकतात, ती जागा सापडली पाहिजे. रोपवाटिकेत ती पुष्कळदा दोन-तीन बोटे मातीखाली दडलेली असते. मुळांची पकड जेथून चांगली दिसते आणि खोडाचा कल पाहणाऱ्याकडे येतो, ती झाडाची पुढची बाजू ठरवावी. रोप डोळ्यांच्या उंचीवर ठेवून चारी बाजूंनी पाहावे. जाणती माणसे चार-आठ दिवस नुसते पाहण्यात घालवतात. कापलेली फांदी परत चिकटवता येत नाही.

मग छाटणी. स्प्रूसच्या खोडावर एकाच जागी चार-पाच फांद्या चाकाच्या आऱ्यांसारख्या फुटतात. त्या सगळ्या ठेवल्या तर त्या जागी खोड फुगून गाठ बनते. म्हणून अशा प्रत्येक चक्रातील एक किंवा दोन फांद्या ठेवून बाकीच्या काढतात. खालची फांदी डावीकडे ठेवली तर त्यावरची उजवीकडे, त्यावरची मागे, अशी जिन्याच्या पायऱ्यांसारखी रचना धरतात. मागची फांदी विसरू नये, नाहीतर झाड भिंतीवरच्या चित्रासारखे सपाट दिसते. खालच्या फांद्या लांब आणि जाड, वरच्या आखूड आणि बारीक असाव्यात.

येथे स्प्रूसचा एक स्वभाव लक्षात ठेवला पाहिजे. वड-पिंपळाची फांदी नुसता खुंट ठेवून कापली तरी तिला धुमारे फुटतात. स्प्रूसचे तसे नाही. ज्या फांदीवर एकही हिरवी सुई उरली नाही, ती फांदी बहुधा मरते. म्हणून फांदी आखूड करताना तिच्यावर हिरवा भाग राखलाच पाहिजे. एका वेळी झाडाच्या एकूण हिरव्या भागापैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक काढू नये.

नको असलेली प्रत्येक फांदी खोडालगत कापलीच पाहिजे, असेही नाही. एखादी फांदी बोटभर ठेवून तिची साल सोलतात. ती वाळून पांढरी पडते आणि वीज पडलेल्या जुन्या झाडाची आठवण करून देते. जपानी भाषेत तिला 'जिन' म्हणतात.

तार कशासाठी?

तरुण स्प्रूसच्या फांद्या वर उभारलेल्या असतात. जुन्या स्प्रूसच्या फांद्या वर्षानुवर्षे बर्फाचा भार सोसून खाली झुकलेल्या असतात. कोवळ्या रोपाला वयस्क झाडाचे रूप द्यायचे तर फांद्या खाली आणाव्या लागतात. ते काम तार करते. झाडाची वाढ जेव्हा शांत असते, म्हणजे शरद ऋतूच्या अखेरीस किंवा हिवाळ्यात, तेव्हा तार गुंडाळतात.

तार ॲल्युमिनियमची किंवा भट्टीत तापवून मऊ केलेली तांब्याची असते. तिची जाडी फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश असावी. ती तिरकस, सारख्या अंतराने गुंडाळावी. फार घट्ट नको, फार सैलही नको आणि सुया तारेखाली चिरडल्या जाऊ नयेत. जवळच्या दोन फांद्यांना एकच तार वापरली तर ती चांगली धरते. वाकवताना दोन्ही हातांचे अंगठे फांदीच्या पोटाशी टेकवून थोडे थोडे वाकवावे.

स्प्रूसची फांदी मोठी लवचीक. वाकवली की वाकते आणि तार काढली की पुन्हा वर उठते. तिला आपली जागा पक्की व्हायला वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ लागतो. दरम्यान फांदी जाड होते आणि तार सालीत रुतू लागते. म्हणून वाढीच्या दिवसांत दर आठवड्याला पाहणी करावी. रुतू लागलेली तार उलगडून काढण्याऐवजी तिचे तुकडे करून काढावी आणि गरज असेल तर नव्याने गुंडाळावी. तार विसरून गेलेल्या माणसाच्या झाडावर आयुष्यभर पिळाचे व्रण राहतात.

एका वर्षात दोन खर्च नकोत

छाटणी झाली, तार झाली, झाड देखणे दिसू लागले. आता ते सुंदर उथळ कुंडीत बसवावे, असा मोह होतो. स्प्रूसच्या बाबतीत सर्वांत जास्त नुकसान या मोहाने होते.

झाडाचा जमाखर्च समजून घ्यावा. मुळे पाणी आणि क्षार आणतात. पाने सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात, पण पाणी हवेत सोडतात. छाटणी केली म्हणजे अन्न तयार करणारे हात कमी केले. मुळे कापली म्हणजे पाणी आणणारे हात कमी केले. एक बाजू कमजोर झाली तर दुसरी बाजू झाडाला सावरते. दोन्ही एकदमच कमी केल्या तर झाड फक्त साठवणीवर जगते, आणि स्प्रूसची साठवण लवकर संपते. ज्या घरात एकाच वर्षी मुलीचे लग्नही निघाले आणि घराचे छप्परही बदलले, त्या घराचे पुढे काय होते, हे आपल्याला सांगायला नको.

त्यात स्प्रूस फसवाही आहे. त्याच्या सुया मुळे मेल्यावरही कित्येक आठवडे हिरव्या राहतात. मालक समजतो, झाड ठीक आहे. त्या पिवळ्या पडून गळू लागतात, तेव्हा वेळ निघून गेलेली असते. म्हणून पहिल्या वर्षी आकार द्यावा, नंतर किमान एक पूर्ण वर्ष झाडाला सावरू द्यावे आणि मगच कुंडी बदलावी.

कुंडी बदलण्याची रीत

वेळ महत्त्वाची. हिवाळा सरता सरता कळ्या फुगू लागतात पण उमललेल्या नसतात, तो काळ उत्तम. जपानमध्ये हे दिवस साधारण मार्च-एप्रिलमध्ये येतात. त्या वेळी नवी मुळे फुटण्याच्या बेतात असतात.

सगळी तयारी आधी करून ठेवावी, कारण मुळे उघड्यावर सुकू देता कामा नयेत. कुंडीच्या भोकांवर प्लॅस्टिकची जाळी बसवावी. झाड बांधण्यासाठी भोकांतून तार ओवून ठेवावी. माती भुसभुशीत आणि पाणी झटकन सोडणारी हवी. जपानमध्ये अकादामा नावाची दाणेदार माती, ज्वालामुखीचा सच्छिद्र खडा आणि जाड वाळू यांचे मिश्रण वापरतात. ते चाळून बारीक धूळ काढून टाकावी. धूळ राहिली तर ती खाली बसून भोके बंद करते आणि मुळे कुजतात.

मग झाड जुन्या कुंडीतून काढावे. मुळे कुंडीच्या कडेने गोल गोल फिरलेली दिसतील. काडीने किंवा बोथट आकड्याने ती बाहेरून आत अशी विंचरावीत, लहान मुलीच्या केसांचा गुंता सोडवतात तशी. ओढाताण करू नये. सरळ खाली जाणारी जाड मुळे आखूड करावीत. खोडाजवळची बारीक मुळे जपावीत, कारण पाणी तीच शोषतात. एकूण मुळांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जुनी माती सगळी धुऊन काढू नये. स्प्रूसच्या मुळांवर पांढरट धाग्यांसारखी बुरशी दिसते. तो रोग नव्हे. ती मुळांना पाणी आणि क्षार मिळवून देते आणि मोबदल्यात झाडाकडून साखर घेते. दोघांचे एकमेकांवाचून नीट चालत नाही. म्हणून जुन्या मातीचा मधला गड्डा तसाच ठेवतात. पुष्कळ जण एका वेळी मुळांची एकच बाजू मोकळी करतात आणि दुसरी बाजू पुढच्या वेळेसाठी राखतात.

झाड नव्या भांड्यात ठेवून तारेने घट्ट बांधावे. हलत्या झाडाची कोवळी मुळे तुटतात. माती भरून ती काडीने मुळांच्या सांदीकोपऱ्यांत सरकवावी, पोकळी राहू देऊ नये. मग बारीक भोकांच्या झारीने पाणी द्यावे, ते खालून स्वच्छ येईपर्यंत. पहिल्याच खेपेला उथळ कुंडीचा आग्रह धरू नये. लाकडी खोक्यात किंवा साध्या रुंद कुंडीत दोन-तीन वर्षे वाढू द्यावे.

यानंतर तीन-चार आठवडे झाड वारा आणि कडक उन्हापासून दूर, पण उजेडात ठेवावे. सुयांवर पाण्याचा हलका फवारा द्यावा. महिना-दीड महिना खत देऊ नये. तरुण झाडाची कुंडी दोन-तीन वर्षांनी, जुन्याची चार-पाच वर्षांनी बदलतात.

पुढे दर वसंतात नवे कोंब मऊ असताना ते बोटांनी चिमटतात. कात्रीने सुया कापल्या तर टोके तपकिरी होतात. शेंड्याकडचे जोमदार कोंब आधी आणि जास्त चिमटावेत. खालचे कमजोर कोंब उशिरा चिमटावेत किंवा तसेच सोडावेत. जो आधीच बलवान आहे त्याला आवरायचे आणि जो मागे पडला आहे त्याला वाढू द्यायचे, असा हा नियम आहे. तो पाळला नाही तर सगळी ताकद शेंडा खाऊन टाकतो आणि खालच्या फांद्या मरतात. उन्हाळ्यात कोरड्या हवेत लाल कोळी ही कीड येते. पांढऱ्या कागदावर फांदी झटकून बारीक ठिपके हलताना दिसतात का, ते पाहावे.

हा अन्याय आहे काय?

आता पहिल्या सवालाकडे येऊ. बोन्साय म्हणजे उपाशी ठेवून खुरटवलेले झाड, ही समजूत चुकीची आहे, हे वरील वर्णनावरून ध्यानात आले असेल. त्याला वेळेवर पाणी लागते, खत लागते, ऊन लागते. नीट सांभाळलेले बोन्साय पिढ्यान् पिढ्या जगते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बोन्साय ही झाडाची वेगळी जात नव्हे. कुंडीतल्या स्प्रूसला शंकू आले आणि त्यातले बी मोकळ्या जमिनीत रुजले, तर उगवणारे झाड जंगलातल्या स्प्रूसइतकेच उंच जाईल. कुंडीतले झाडदेखील वेळेवर जमिनीत लावले तर उंच वाढू लागते. खुजेपणा बियाण्यात नसतो, तो कुंडीत असतो.

निसर्गातही याचा दाखला आहे. स्वीडनमधील फुलुफ्येल्लेट पर्वतावर लेइफ कुल्मान या शास्त्रज्ञांना २००४ साली एक स्प्रूस सापडला. त्यांनी त्याला आपल्या कुत्र्याचे नाव दिले, 'ओल्ड टिक्को'. झाड जेमतेम पाच मीटर उंच. पण त्याच्याखालील जुन्या अवशेषांचे वय तपासले तेव्हा ते सुमारे ९,५५० वर्षे निघाले. आज दिसणारे खोड एवढे जुने नाही. खोडे मेली, पण तेच मूळ पुन्हा पुन्हा फुटत राहिले. हजारो वर्षे गारठ्यामुळे ते जमिनीलगतच्या झुडपासारखे राहिले. विसाव्या शतकात हवामान थोडे उबदार झाले, तेव्हा त्याने सरळ उभे खोड धरले. साडेनऊ हजार वर्षे दबून राहूनही त्याची उंच होण्याची ताकद गेली नव्हती.

अर्थात, सवाल विचारणाऱ्याचे सगळेच खोटे नाही. कुंडीतले झाड माणसाच्या हाती पूर्णपणे सोपवलेले असते. जंगलातला स्प्रूस मुळे लांब पसरून पाणी शोधू शकतो, याला ती सोय नाही. उन्हाळ्यात एक-दोन दिवस पाणी चुकले तरी ते मरू शकते. म्हणून ज्याला रोज पाणी देणे जमणार नाही, त्याने हा छंद करू नये. तसेच डोंगरावरचे जुने झाड उपटून आणणे गैर होय. अशी पुष्कळ झाडे वाटेतच मरतात. रोपवाटिकेतले किंवा बियाण्यापासून वाढवलेले रोप घ्यावे.

आपल्याकडे काय करावे?

मुंबई, नागपूर किंवा औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, हवेत स्प्रूस जगत नाही. त्याला कडक थंडीची विश्रांती लागते. ती मिळाली नाही तर ते एक-दोन वर्षांत संपते. डिसेंबरमध्ये आपल्याकडे 'ख्रिसमस ट्री' म्हणून जे झाड कुंडीत विकतात, ते बहुधा ऑरोकेरिया असते, स्प्रूस नव्हे. त्यामुळे स्प्रूस म्हणून कोणी जास्त किंमत सांगितली तर पैसे वाया घालवू नयेत.

शिकायचे असेल तर वड, उंबर किंवा पिंपळ घ्यावा. यांची रोपे पावसाळ्यात जुन्या भिंतीच्या सांदीत किंवा गटाराच्या कडेला फुकट उगवतात आणि पुढे भिंत फोडतात म्हणून उपटून टाकली जातात. असे एखादे रोप मुळासकट अलगद काढून पसरट भांड्यात लावावे. भांड्याला भोके पाडायला विसरू नये. या झाडांची कुंडी पावसाळ्याच्या तोंडाशी बदलावी. ती स्प्रूसपेक्षा खूप सोशिक आहेत, चूक सहन करतात. पण आधी पाहणे, एका वर्षात दोन मोठे खर्च न करणे आणि रोजचे पाणी न चुकवणे हे तीन नियम त्यांनाही लागू आहेत.

घरातल्या मुलाच्या हाती असे एक रोप द्यावे आणि लावल्याची तारीख वहीत लिहून ठेवायला सांगावे. दर वर्षी त्याच तारखेला उंची आणि पाने मोजून नोंद करावी. भांडे लहान पडू लागले आणि ठेवायला जागा उरली नाही, तर पावसाळ्यात ते रोप शाळेच्या किंवा वस्तीच्या मोकळ्या जागेत लावून टाकावे. दोन-तीन पावसाळ्यांनंतर ते मुलाच्या डोक्यावरून गेलेले असेल.